नकलबाबू उन्हाच्या बाजूला बसतात

फ्री थ्रोच्या वेळी नकलबाबू पाठ फिरवायचे. सगळं मैदान श्वास रोखून रिंगकडे बघत असायचं आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पांढऱ्या फुल शर्टातला हा माणूस मात्र उलटा उभा राहून कुंपणाबाहेरची पेरूची गाडी न्याहाळायचा. चेंडू हातातून सुटला की मान जराशी कलायची. लोखंड वाजलं की म्हणायचे, "लागला." नुसती जाळी सळसळली की, "गेला." त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही. मी तेव्हा आमच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होतो, पंचवीस वर्षांचा, आणि मला वाटायचं की हा माणूस अपशकुनाला भितो. एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या टायमाले पोट्टा एकटा असते, कप्तान. इतके लोक त्याच्याकडं पाहून राह्यले. त्यात अजून मी काहून पाहू?"

आज मी अठ्ठेचाळीसचा आहे. ते एक्याऐंशीचे. अजूनही मला कप्तानच म्हणतात. बालाघाटात मला कप्तान म्हणणारा आता तो एकच माणूस उरला आहे, आणि त्याला तसं म्हणण्याचा जितका अधिकार आहे तितकी माझी ते ऐकून घ्यायची लायकी नाही. का नाही ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. पण सवय बोलण्याची नाही, तेव्हा थोडं आडवळणानं जाईन.

ते कचेरीत नकल शाखेत होते. जुन्या कागदांच्या खऱ्या नकला काढून देणं हे त्यांचं काम. यंत्रं आली तरी जीर्ण कागद यंत्रात घालता यायचे नाहीत, ते नकलबाबूंच्या टेबलावर यायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं, पण वाचताना अडत नसे. त्यांची ख्याती वेगळीच होती. मूळ कागदात चूक असेल तर नकलेत ती चूक जशीच्या तशी उतरायची. लांजीकडची एक बाई एकदा रडायला आली होती, तिच्या सासऱ्याच्या नावात एक काना जास्त पडला होता. नकलेत तो काढून टाका म्हणत होती. नकलबाबू म्हणाले, "मी दुरुस्तीवाला नाई, बाई. मी नकलवाला हाय. मुळात जे हाय ते हाय." मग पाच वाजता कचेरी सुटल्यावर बाहेरच्या चिंचेखाली बसून तिचा दुरुस्तीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या खिडकीवर जायचं तेही समजावून सांगितलं. चहासुद्धा घेतला नाही.

बायको लवकर गेली. मूलबाळ नाही. रायपूरला एक पुतणी आहे, ती दिवाळीला फोन करते. बाकी सगळं आयुष्य आमच्या कोर्टाच्या कडेला.

आमचं कोर्ट एकच, सिमेंटचं, कोपऱ्यात तडा गेलेलं. पश्चिमेला पाच पायऱ्या. तिथे गावातले लोक बसत, कारण चारच्या सामन्याला ऊन पाठीशी असायचं. पूर्वेला नुसता दगडी कठडा, समोर मावळतीचा सूर्य, डोळ्यांत तिरपं ऊन. ती बाजू पाहुण्या संघाची. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण गोंदियाचे आले काय नि शिवनीचे आले काय, त्यांनी उन्हाकडे तोंड करूनच बसायचं. नकलबाबू पायऱ्यांवर, दुसऱ्या पायरीवर, डाव्या टोकाला. बारा महिने हातात मिटलेली छत्री. सामन्यात पाऊस आला तरी उघडायची नाही, मागच्यांना दिसत नाही म्हणून. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, भिजवलेले चणे आणि गूळ. आमच्यासाठी, आणि उरले तर पाहुण्यांसाठी.

हरलो हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. आम्ही माना खाली घालून बाहेर आलो की म्हणायचे, "आज त्यांचे जास्त झाले." बस. पुढच्या वेळी पाहू, मेहनत करा, असलं काही नाही. चण्यांचा डबा पुढे.

आणि एक नियम होता त्यांचा. एकदा ज्यानं आपल्या संघाची जर्सी अंगात घातली तो आपला. त्यात अपील नाही. आमचा एक राखीव खेळाडू होता, अख्ख्या हंगामात एकाच सामन्यात पाच मिनिटं उतरलेला. पुढे कुणाच्या शेतातला पंप चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात बसवलं. त्याच्या घरचे लाजेनं गेले नाहीत. नकलबाबू दोन्ही वेळ टिफिन घेऊन गेले. हवालदारानं विचारलं, तुमचा कोण लागतो. म्हणाले, "आपल्याकडून खेळलाय जी." हवालदाराला यातलं काही कळलं नाही. पंप त्यानंच चोरला होता, त्यानं तसं कबूलही केलं. नकलबाबूंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोलिसाच्या समोर माणूस काईबी बोलते."

आम्ही यावर खूप हसलो होतो.

सारस आला तो खैरलांजीकडच्या एका खेड्यातून, कॉलेजसाठी. घरी धानाची शेती, सहा फूट चार इंच उंची, आणि पायात दुसऱ्याचे बूट. पहिल्या दिवशी कोर्टाच्या कडेला एका पायावर उभा राहून बुटातला खडा काढत होता. आमच्याकडे धानाच्या, पाणी भरलेल्या बांध्यांत सारस पक्षी उभे असतात, अगदी तसा. नकलबाबू म्हणाले, "हे पाहा, सारस उतरला," आणि त्याचं खरं नाव त्या दिवसापासून फक्त हजेरीपटावर राहिलं.

त्याच्याआधी संघात मी होतो. हे कसं सांगू? मी चांगला खेळायचो. गोंदियाचे लोक मला ओळखायचे. मग हा आला, आणि दोन महिन्यांत कळलं की चांगलं खेळणं आणि खेळ अंगात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो उडी मारायचा तेव्हा पायऱ्यांवरचे लोक आपोआप उभे राहायचे. मी बास्केट केली की टाळ्या पडायच्या. त्यानं केली की आधी क्षणभर शांतता व्हायची. त्या शांततेचा मला हेवा वाटायचा. टाळ्यांचा नाही.

तो फार कमी बोलायचा. नकलबाबूंपाशी मात्र बसायचा. सरावानंतर दोघं पायरीवर शेजारी, मध्ये डबा. काय बोलायचे कोणास ठाऊक. बहुतेक काहीच नाही. सारस घरी गेला की येताना नकलबाबूंसाठी नव्या तांदळाची पिशवी आणायचा आणि ते दर वेळी म्हणायचे, "माह्या एकट्यानं इतके खाल्ल्या जाईन का बे?" आणि पिशवी छातीशी धरून घरी न्यायचे.

चार वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी जानेवारीच्या स्पर्धेत, सेमीफायनलच्या दोन दिवस आधी, बुधवारी सकाळी सारस माझ्या घरी आला. नागपूरच्या एका मोठ्या खात्यानं खेळाडूंच्या कोट्यातून त्याला घेतलं होतं. गुरुवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बापानं बजावलं होतं, गावात कोणाले सांगू नको, संघवाले अडवतील, गळ्यात पडतील. बापाचं चूक नव्हतं. आमचे लोक खरंच गळ्यात पडले असते. म्हणून तो फक्त मला, कप्तानाला, सांगायला आला होता.

त्यानं एक चिठ्ठी दिली. तो राहणार होता त्या लॉजशेजारच्या दुकानाचा फोन नंबर. म्हणाला, "सेमीफायनल जिंकलो त शनिवारी फोन करजो, भाऊ. रातच्या बसनं निघतो, फायनल खेळून परत जातो. इतवारी सुट्टीच हाय." दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आन बाबूजीले सांगजो, मी सोडून नाई जाऊन राह्यलो."

मी हौ म्हटलं.

सेमीफायनल आम्ही त्याच्याशिवाय जिंकलो. का आला नाही म्हणून सगळे विचारत होते, मी म्हटलं घरी कोणी आजारी असेल. शनिवारी सकाळी चिठ्ठी खिशात घालून एसटीडी बूथपर्यंत गेलो. आत एक माणूस बोलत होता, थांबलो, परत आलो. संध्याकाळी पुन्हा गेलो. बूथ रिकामा होता. बूथवाला मला ओळखायचा, म्हणाला, या कप्तान, उद्या जिंकायचं हाय. मी म्हटलं, हौ, जिंकू, आणि पान खाऊन घरी आलो. चिठ्ठी नंतर कुठे गेली आठवत नाही. खोटं कशाला, आठवतं. वैनगंगेच्या पुलावरून टाकली, ती पाण्यात पडेपर्यंत पाहिली.

फायनलमध्ये त्यांचे चार जास्त झाले. पण मी असा खेळलो, की तसा आधी कधी खेळलो नव्हतो आणि नंतर तर नाहीच. हरूनही लोकांनी मला खांद्यावर घेतलं. एकटा लढला म्हणाले. एका बास्केटनंतर ती शांतता झाली. मी ती ऐकली. तेवीस वर्षांत मला तिच्याइतकं गोड काही मिळालेलं नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

मग सगळ्यांना कळलं की सारस नागपूरला नोकरीत हजर झाला. आमच्याच संघातला एक जण, जो आता स्पर्धा समितीचा सेक्रेटरी आहे, पायऱ्यांवर उभा राहून म्हणाला, "फायनल टाकून पळाला साला. कोणाले एक शब्द नाई." आणि माझ्याकडे वळला. "कप्तान, तुले मालूम होतं?"

मी नाही म्हटलं.

सोमवारी सकाळी कचेरीत जाण्याआधी नकलबाबू माझ्या घरी आले. उंबऱ्यातच उभे राहिले, आईनं बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "तुले काई सांगून गेलता का?" मी पुन्हा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं जातं. त्यांनी मान हलवली. "मंग घाईत गेला असन. घाईत माणूस सगळ्यात आधी आपल्याच माणसाले विसरते." आणि गेले.

त्याच आठवड्यात पोरांनी सारसच्या बापाला पार्सल पाठवलं. बांगड्या. हिरव्या, डझनभर. आमच्याकडे ज्याला पळपुटा म्हणायचं त्याला बांगड्या पाठवतात. मला ठाऊक होतं. पार्सल बांधलं तेव्हा मी तिथेच होतो, सुतळी मी धरली होती. त्यानंतर सारस बालाघाटात आला नाही. घरी जायचा तो दुसऱ्या वाटेनं, तुमसरवरून, आमचं गाव टाळून.

नकलबाबूंना बांगड्यांचं कळलं तेव्हा पुढचा सामना चालू होता. पायऱ्यांवर सारसच्या नावानं काहीबाही चाललं होतं. ते उठले. डबा घेतला, छत्री घेतली, आणि मध्यंतरात भर कोर्टातून चालत पलीकडे गेले. पूर्वेच्या कठड्यावर, पाहुण्यांच्या बाजूला, उन्हाकडे तोंड करून बसले. लोकांना वाटलं गंमत करताहेत. कोणीतरी ओरडलं, बाबूजी, पार्टी बदलली का? मी पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेलो तेव्हा म्हणाले, "जिथं आपल्या पोराले शिव्या देतेत तिथं मी नाई बसत."

तेवीस वर्षं ते तिथे बसताहेत.

पाहुण्या संघांची फार पंचाईत व्हायची. त्यांना वाटायचं हा आपलाच कोणी. गोंदियाच्या लोकांनी एकदा त्यांना खुर्ची दिली, संत्री दिली. नकलबाबूंनी आभार मानले, संत्रं सोललं, आणि आमच्या प्रत्येक बास्केटला टाळ्या वाजवल्या. संघ ते बदलले नव्हते. फक्त बाजू बदलली होती. तिकडे त्यांच्या मागे कोणी बसत नसे, छत्री उघडली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. उघडली नाही. डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून बसायचे.

दर जानेवारीत कोणी ना कोणी पायऱ्यांवरून हाक मारायचं. "बाबूजी, आला का तुमचा सारस?" गावचा विनोदच झाला होता तो. नवी पोरं, ज्यांनी सारसला पाहिलंही नाही, तीसुद्धा विचारायची, आणि तीही हिंदीत, "बाबूजी, आपका सारस आया क्या?" ते दर वेळी गंभीरपणे उत्तर द्यायचे. एका वर्षी, "साहेबानं सुट्टी देल्ली नसन." एका वर्षी, "पोरीची परीक्षा असन." त्याला पोरगी आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. नवी नवी कारणं ते शोधून ठेवायचे.

पायऱ्यांवरच्या लोकांशी त्यांचं बोलणं कमी होत गेलं. आधी लोक चिडवायचे, मग टाळू लागले, मग विसरले. निवृत्तीनंतर तर दिवसेंदिवस त्यांच्याशी कोणी बोलत नसावं. एकदा मी त्यांच्या गल्लीतून जाताना पाहिलं, ते दारात उभे राहून भाजीवाल्याला रस्ता सांगत होते. भाजीवाला त्या गल्लीत वीस वर्षं येत होता. तो ऐकून घेत होता बिचारा.

मी काय करत होतो? वनखात्यात लागलो. बैहरला बदली झाली तेव्हा लोक हळहळले, जंगलात पाठवलं म्हणून. मला सुटल्यासारखं झालं होतं. सहा वर्षं बैहरला राहिलो, जानेवारीत कधी सुट्टी मागितली नाही.

सारस मला एकदाच भेटला, गोंदियाच्या स्टेशनवर. आठ-नऊ वर्षं झाली होती. केस विरळ झाले होते, गुडघ्याला पट्टा. मला पाहिलं, क्षणभर वाटलं निघून जाईल. मग जवळ आला आणि एवढंच विचारलं, "बाबूजीले सांगतलं होतं ना?"

मी म्हटलं, "हौ."

"बरं," म्हणाला. त्याची गाडी लागली होती. चढला, खिडकीतून मागे पाहिलं नाही.

तेव्हा फलाटावर उभा असताना मला नीट दिसलं मी काय करून ठेवलं आहे ते. सारसला वाटत होतं, बाबूजींना निरोप मिळाला आणि तरीही त्यांनी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. म्हणजे तेही बांगड्या पाठवणाऱ्यांतलेच. बाबूजींना वाटत होतं, पोरगा घाईत आपल्याला विसरला. तरीही दोघं एकमेकांना दोष देत नव्हते, म्हणून दोघांपैकी कोणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर मी उघडा पडलो असतो. दोघांच्या भलेपणामागे मी लपून राहिलो.

गेल्या वर्षी समितीनं ठरवलं की सगळ्यात जुना प्रेक्षक म्हणून नकलबाबूंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, माइकवर दोन शब्द. नकलबाबू म्हणाले, करा, पण सारसला बोलवा, त्याच्या हातून घेईन. सेक्रेटरी हसला. मग म्हणाला, ठीक आहे, जुनी गोष्ट झाली, फोन लावून पाहू. मला म्हणाला, "तू जा बाबूजीकडं, नक्की करून ये." मी घरी आलो. बायकोनं विचारलं, चेहरा असा काहून. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो.

ते खाटेवर बसून चणे निवडत होते. मोतीबिंदू झाल्यापासून बोटांनीच निवडतात. मी उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो.

"बाबूजी, सारस मले सांगून गेलता."

त्यांची बोटं थांबली नाहीत. मी सगळं सांगितलं. बुधवार, चिठ्ठी, शनिवार. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तू विसरला असशील."

"विसरलो नाई. चिठ्ठी खिशात होती. दोनदा बूथपाशी गेलतो."

"मंग लाइन लागली नसन. त्या टायमाले नागपूरची लाइन लवकर लागतच नव्हती."

"लावलाच नाई म्या."

"बूथ बंद असन."

"बूथ उघडा होता, बाबूजी."

मूळ कागदातला एक काना ज्यानं जन्मभर बदलला नाही, तो माणूस माझ्यासाठी बूथ बंद करत होता. त्यांनी परात बाजूला ठेवली. मला वाटलं आता शिवी येईल. खरं सांगायचं तर मी ती घ्यायलाच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "तो काय म्हणालता? शब्द सांग. जसेच्या तसे."

"बाबूजीले सांगजो, मी सोडून नाई जाऊन राह्यलो."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग भिंत चाचपत उठले, दाराला कडी लावली. सकाळचे दहा वाजले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"हे आणखी कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई."

"घरी?"

"नाई."

"मंग सांगू बी नको."

मी म्हटलं की मला समितीसमोर सांगायचं आहे, सारसला बोलावून सांगायचं आहे, सगळ्या लोकांना कळू दे की तुमचंच खरं होतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माह्यं काय. मले आता सवय झाली. तुह्यं घर हाय, पोरी लग्नाच्या हायेत, ऑफिसात लोक हायेत. उद्या पायऱ्यांवरचे तुले नावं ठेवतीन, मंग मी कुठं बसू? मैदानाले बाजू दोनच हायेत, कप्तान."

त्याच संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्याच्या फोनवरून सेक्रेटरीला निरोप दिला. सत्कार नको, तब्येत ठीक नाही, सारसलाही बोलावू नका, उगाच त्याला त्रास. सेक्रेटरी मला म्हणाला, म्हातारा शेवटी वठणीवर आला. मी ऐकून घेतलं.

एवढी वर्षं हा माणूस ज्या एका गोष्टीची वाट पाहत होता, ती मी त्याच्या हातात नेऊन दिली. पायऱ्यांकडे बोट करून, पाहा, मी म्हणत होतो ना, एवढं म्हणायचं होतं. सारस समोर येऊन उभा राहिला असता. ते त्यांनी सोडून दिलं. सारस आला असता तर दोघं बोलले असते, आणि दोघं बोलले असते तर मी उरलो नसतो. आधी ते सारससाठी उन्हात बसत होते. आता माझ्यासाठी बसतात.

या जानेवारीत सामना पाहायला गेलो. पायऱ्यांवरच बसलो, हेही सांगायला हवं. ते पलीकडे होते, काळा चष्मा लावून. मध्यंतरात एका पोरानं नेहमीसारखी हाक मारली. पायऱ्यांवर थोडं हसू पसरलं. नकलबाबूंनी चेहरा आमच्या बाजूला वळवला. मी कुठे बसलो आहे ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. शांतपणे म्हणाले, "कामात असन." माझ्या शेजारचा हसला. मी उठलो नाही. तोंड उघडलं नाही. तिसऱ्यांदा नाही म्हणायला कोणी विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी बायकोला वाचून दाखवलं, दोन्ही पोरींना दिलं. सारसचा नंबर शोधून त्यालाही पाठवलं. त्यानं वाचलं आहे, निळ्या खुणा दिसतात. चार दिवस झाले, उत्तर नाही. उत्तर मागायचा मला हक्कही नाही. मी खाली एवढंच लिहिलं की बाबूजी त्याच घरात आहेत, आणि सकाळी दहापर्यंत दार उघडं असतं.

नकलबाबूंना मात्र विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी लिहू दिलं नसतं. हे वाचून गावातलं कोणी त्यांच्याकडे गेलंच, तर ते काय सांगतील ते मला ठाऊक आहे. म्हणतील, कप्तानाचं मन मोठं आहे, दुसऱ्याचा दोष अंगावर घेतो. त्या दिवशी बूथ बंद होता. चष्मा काढून, अगदी शपथेवर सांगतील.

त्यांचं ऐकू नका.